मुकी पायरी

भैरवटेकची ती पायरी माणसं पाडते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. का पाडते, हे मात्र भल्याभल्यांना सांगता येत नव्हतं.

भैरवटेक हे गाव डोंगराच्या उतारावर वसलेलं. वर घरं, खाली बाजार, शाळा आणि तालीम, आणि मध्ये काळ्या दगडांच्या पायऱ्यांची लांबलचक वाट. दूध ड्रोनने दारात यायचं, बस चालकाविना घाट चढायची, शाळेच्या भिंतीवर मंगळाची जमीन दिसायची, सगळं खरं. पण घरातून शाळेत जायचं तर आपले पायच चालवावे लागत. त्या वाटेच्या निम्म्यावर ही खोडसाळ पायरी होती. गावाने काय नाही केलं? पाथरवटाला बोलावून तिला टाकी लावली, खरखरीत करून घेतली. पिवळा रंग दिला. कुणीतरी शनिवारी लिंबू-मिरचीही ठेवून गेलं. पायरी ढिम्म! माणसं अडखळायची ती अडखळायचीच.

आणि मग एके दिवशी तिने वैजूच्या आबांना पाडलं.

वैजू म्हणजे वैजयंती, इयत्ता सहावी. तिचे आबा तालमीत मल्लखांब शिकवायचे. अर्धं गाव त्यांच्याच हाताखाली खांबावर उलटं लटकायला शिकलेलं. असा माणूस पायरीवर पडला आणि मनगट मोडून बसला! उठताना कपडे झटकत ते एवढंच म्हणाले, "काही न्हाई, काही न्हाई." कसे पडलात, कुठे पाय चुकला, कुणी कितीही विचारलं तरी उत्तर तेच.

वैजूच्या बाबांनी मात्र निकाल देऊन टाकला. "आबा, आता वय झालं तुमचं. रविवारी पुण्याला ताईकडे जायचं. तिथे लिफ्ट आहे. पायऱ्या नाहीत, पडणं नाही."

"आणि तालीम?" वैजूने विचारलं.

"तालमीला कुलूप."

आबा प्लास्टरमधल्या हाताकडे बघत राहिले. एरवी बाबांना चार शब्द सुनावल्याशिवाय न राहणारे आबा या वेळी नुसतं 'बरं' म्हणाले. आबा गेले तर तालीम गेली, आणि तालीम गेली तर आबा आबा राहणार नाहीत, हे तिला पक्कं कळत होतं.

त्याच आठवड्यात गावात तोल्या आला.

तोल्या हा तालुक्याच्या 'जपून' मोहिमेचा यंत्रमानव. घरात, रस्त्यावर, शेतात, शाळेत कुठल्याही वयाचं माणूस सारखं कुठे जखमी होतं ते शोधायचं आणि त्यामागचं कारणच काढून टाकायचं, असं या मोहिमेचं काम. त्याचं खरं नाव भलतंच लांब होतं. लोकांचा तोल कुठे जातो ते शोधणारा म्हणून पोरांनी पहिल्याच तासात त्याचा तोल्या केला. खेकड्यासारखे सहा पाय, वर कलिंगडाएवढं डोकं. पायऱ्यांवर गर्दी नको म्हणून तो वाटेकडेच्या बुटक्या भिंतीवरून चालायचा.

वैजूने त्याला गाठलंच. "तोल्या, रविवारच्या आत मला एक सिद्ध करून हवंय. आबा वयामुळे पडले नाहीत, पायरीमुळे पडले."

"सिद्ध करून हवंय म्हणू नका," तोल्या अदबीने म्हणाला. "काय खरं आहे ते शोधू म्हणा. कदाचित तुमचं म्हणणं चूकही ठरेल."

"मला तुम्ही म्हणू नकोस रे! बरं, शोधू. चल!"

दोघं भिंतीवर बसून माणसं बघू लागली. थोड्याच वेळात शेजारच्या सुनंदाकाकूंचं लहान पोर त्यांचा हात धरून उतरता उतरता त्या पिवळ्या पायरीवर धडपडलं आणि त्याने भोकाड पसरलं. काकूंनी पायरीवर दोन फटके मारले. "हात् रे पायरी! माझ्या बाळाला पाडतेस? घे, घे!" बाळ लगेच हसलं.

तोल्याचे डोळे चमकले. "दगडाला मार का दिला?"

"अरे, बाळाची समजूत काढायला! सगळ्याच आया करतात."

"आणि आबा पडले तेव्हा पायरीला कुणी मारलं?"

वैजू थबकली. खरंच की! बाळ पडलं तर दोष पायरीचा. शाळेतलं पोर पडलं तर त्याचा, "डोळे काय कपाळावर गेलेत?" म्हणून वर पाठीत धपाटाही. आणि म्हातारं माणूस पडलं तर दोष वयाचा! पायरी एकच, पण प्रत्येकाला निवाडा वेगळा.

"इथेच तर गंमत आहे," तोल्या म्हणाला. "अडखळतात सगळेच. बाळ जमिनीपासून जवळ असतं, त्याला फार लागत नाही. तुझ्यासारखी मुलगी एक उडी मारून तोल सावरते. आबांच्या हाडांना मात्र तोच हिसका सोसत नाही. म्हणजे इजा वेगवेगळी, पण चूक तीच. एक हाड मोडण्याआधी ती जागा कितीतरी माणसांना नुसती अडखळवते. अशा प्रसंगाला आम्ही 'निसटता अपघात' म्हणतो (होता होता टळलेला अपघात). ते टळलेले अपघात मोजले, तर पुढचा खरा अपघात होण्याआधीच पकडता येतो."

"मग लोकांना विचारू या ना!"

पण विचारून काय उपयोग! भैरवटेकचा माणूस अडखळला की आधी इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना, आणि कुणी पाहिलंच असेल तर म्हणतो, "काही नाही, काही नाही." तोल्याने बाजारात पन्नासेक जणांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एक, आपण कधीच अडखळत नाही, बाकीचे अडखळतात.

"माणसं सांगणार नाहीत," वैजू वैतागून म्हणाली.

"मग पायऱ्यांना विचारू," तोल्या म्हणाला.

त्याने पोटातून बटणाएवढ्या चकत्या काढल्या. ते संवेदक होते (थरथर, उष्णता, प्रकाश यांसारख्या गोष्टी टिपणारी छोटी यंत्रं). प्रत्येक पायरीच्या कडेला त्याने एकेक चकती चिकटवली. पाऊल पडलं की दगड किंचित थरथरतो आणि चकती ती थरथर टिपते. नीट पडलेलं पाऊल 'टप' वाजतं, अडखळलेलं 'धप्प'. तोल्याने वैजूच्या कानात एक इवलंसं यंत्र अडकवलं आणि तिला अख्खी वाट ऐकू येऊ लागली. टप, टप, टप, टप! शाळा सुटली तेव्हा तर गारांचा पाऊस पडावा तसा कडकडाट झाला. वैजू आनंदाने नाचायचीच बाकी होती.

दोन दिवसांत नकाशा तयार झाला. सगळे 'धप्प' त्या पिवळ्या पायरीवरच जमलेले, आणि त्यात बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे होते! तोल्याने पायरीची उंची मोजली. बाकीच्यांएवढीच. घर्षण मोजलं (दोन वस्तू एकमेकींवर घासताना घसरण्याला होणारा विरोध). उलट टाकी लावल्यामुळे तिचं घर्षण जास्तच.

"पायरी निर्दोष आहे," तोल्या म्हणाला.

वैजूचा चेहरा पडला. उद्या रविवार. घरी आबांची बॅग भरून झाली होती.

"आणखी एक अडचण आहे," तोल्या पुढे म्हणाला. "पिवळ्या पायरीच्या लगेच वरची चकती बिघडली. दोन दिवसांत तिने तोंडच उघडलं नाही. मी ती बदलली. दुसरीही मुकी!"

दोघं तिसरी चकती लावत होती, तेवढ्यात वरून कुणाची तरी शेळी दावं तोडून उतरत आली. वैजूच्या कानात आवाज घुमला. टप-टप, टप-टप, टप-टप! एकही पायरी सुटली नाही. मुक्या पायरीवरही शेळीचे खूर खणखणीत वाजले.

"चकती चांगली आहे!" तोल्या ओरडला. "मग माणसांचा आवाज का येत नाही?"

वैजूने त्या पायरीकडे पाहिलं. दगडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठी अक्षरं कोरलेली होती, 'नेर्लेकर गुरुजींच्या चरणी, त्यांचे विद्यार्थी.' आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"तोल्या! शेळीला वाचता येत नाही!"

"म्हणजे?"

"अरे, माणसाचा पाय तिथे पडतच नाही! अक्षरांना पाय लावायचा नाही, आणि त्यात ही वाट बांधणाऱ्या गुरुजींचं नाव! आम्ही सगळे ती पायरी ओलांडून जातो. लहानपणी आई हात धरून ओलांडायला शिकवते. पुढे लक्षातसुद्धा राहत नाही!"

तोल्याचे सहाही पाय एकदम थयथय नाचले. "सापडलं! ऐक. आपण जिना उतरताना प्रत्येक पायरी डोळ्यांनी मोजत नाही. दोन-चार पायऱ्यांत पाय उंची शिकतात आणि पुढे सवयीने पडतात. इथे मात्र मधली पायरी सोडून एकदम दोन पायऱ्यांएवढं खाली उतरायचं. पुढचा पाय खाली जमीन शोधत असतो, तेवढा वेळ सगळं वजन मागच्या वाकलेल्या पायावर. मांडीत जोर असेल तर निभावतं. ओझं असेल, घाई असेल, पाय थकले असतील, की धप्प! पिवळी पायरी बिचारी फुकट बदनाम झाली. आणि ज्या पायरीवर मी तीन-तीन चकत्या लावल्या, तिचं ते मुकेपणच तर उत्तर होतं. जिथून काहीच आवाज येत नाही, तिथेही कान द्यायला हवा."

वैजू धापा टाकत घरी पळाली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. "आबा, तो दगड काढला की झालं! तुम्हाला जावं लागणार नाही!"

आबा ताडकन उठले. "दगड काढायचा? माझ्या हातानं कोरलाय तो! गुरुजींच्या नावावर काय पाय देत फिरायचं? मोडू दे हात. गुरुजींचं नाव हलायचं न्हाई!"

हे वैजूच्या ध्यानीमनीही नव्हतं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण ती मागे हटली नाही. "आबा, गुरुजींनी पायऱ्या बांधल्याच कशाला?"

आबा उंबऱ्यापर्यंत आले. मग पायात चपला सरकवून, वैजूच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्यांकडे निघाले. मागून "आबा, कुठं निघालात? पडाल!" म्हणत बाबा धावले.

पायऱ्यांवर संध्याकाळच्या बाजाराची गर्दी होती. कोरलेल्या दगडाशी आबा थांबले आणि तालमीत द्यायचे तसा आवाज दिला.

"ऐका रे! मी इथं पडलो. काही न्हाई, काही न्हाई म्हणत होतो ते खोटं होतं. गुरुजींचं नाव ओलांडताना पाय पुरला न्हाई आणि तोंडावर आपटलो. लाज वाटली म्हणून गप बसलो." त्यांनी खालच्या अक्षरांकडे बोट केलं. "पूर्वी इथं मातीची निसरडी वाट होती. शाळेला येताना एक पोरगं घसरलं आणि पायानं अधू झालं. म्हणून गुरुजींनी कुदळ घेतली. पोरं पडू नयेत म्हणून! आणि आम्ही शहाण्यांनी त्यांचंच नाव वाटेत आडवं घातलं."

मग सुनंदाकाकू हळूच म्हणाल्या, "मी पण पडता पडता राहिले, आषाढात. बाळ कडेवर होतं."

"मी दोनदा," किराणावाला म्हणाला.

"मी तर रोजच!" एक पोरगा ओरडला आणि सगळे हसले. मग काय, बांध फुटल्यागत जो तो बोलू लागला. तोल्या टिपता टिपता गरागरा फिरू लागला. वैजूचं लक्ष मात्र बाबांकडे होतं. बाबा मान खाली घालून उभे होते.

"बाबा?"

"परवाच," बाबा पुटपुटले. "हातातली पिशवी गेली, मी भिंत धरली म्हणून वाचलो."

"मग आता तुझंबी वय झालं म्हणायचं!" आबा म्हणाले. "चल, दोघंही जाऊ पुण्याला."

बाबांना हसू आवरेना. त्यांनी आबांचा चांगला हात धरला. "नाही आबा. कुणीच नाही जायचं."

रविवारी पाथरवट आला. कोरीव दगड अलगद काढून त्याने बाजूच्या भिंतीत उभा बसवला, येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडता येईल अशा उंचीवर. त्या जागी साधा, टाकी लावलेला दगड आला. आबांनी स्वतःच आधी त्यावर पाय ठेवला, मग सगळ्यांनी. पुढल्या आठवड्याभरात नकाशावर त्या जागी एकही 'धप्प' उमटला नाही.

तालमीचं कुलूप मात्र कुणी विकतच आणलं नाही. उलट आता तिथे शनिवारी सगळ्या वयांचा वर्ग भरतो. आधी आठवड्यात कोण कुठे अडखळलं ते न लाजता सांगायचं, मग गादीवर पडायला शिकायचं. मल्लखांबात पहिला धडा पडण्याचाच असतो. अंग गोळा करायचं, हात ताठ ठेवायचे नाहीत, कुशीवर लोळायचं. आजी-आजोबांसाठी खांब धरून मांड्या बळकट करायचा सोपा व्यायाम. तोल्या पुढच्या गावाला निघाला तेव्हा त्याने वैजूला चकत्यांची एक डबी देऊन टाकली.

"यांचं काय करू?" वैजूने विचारलं.

"तूच सांग."

वैजूने खाली बाजाराकडे पाहिलं. शाळेजवळच्या वळणावर प्रत्येक सायकल करकचून ब्रेक मारत होती. अजून तिथे कुणालाही लागलेलं नव्हतं. तिने डबी मुठीत घट्ट धरली आणि पायऱ्या उतरायला लागली.