थोरल्याच्या धुनेचा शेवट

बसा रे, आणि ते मोबाईल ठेवा खिशात. हे ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरलं तो माझ्या चांगल्या ओळखीचा होता, आणि शेवटचा प्रकार तर माझ्या डोळ्यांदेखत झाला. मी तेव्हा स्टुडिओत रेकॉर्डिंगचं काम करायचो. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

दोघे भाऊ. दोघेही गिटार वाजवायचे, पण नाव झालं ते धाकट्याचं. थोरला घराबाहेर फारसा पडायचाच नाही. हातात एक पिक, म्हणजे नखाएवढा प्लास्टिकचा तुकडा, बाकी काही नाही. तेवढ्यावर खालच्या जाड तारेवर ठेका धरायचा आणि वरच्या तारांवर चाल वाजवायचा. डोळे मिटून ऐकलं तर तिघं वाजवताहेत असं वाटे. अंगाईचा जॅझ करायचा, नाचाची चाल घेऊन ती इतकी संथ करायचा की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. धाकटा हे सगळं दाराआडून उचलायचा आणि स्टेजवर आपलं म्हणून वाजवायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. थोरल्याचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही.

थोरला भांडला नाही. त्याने इतकंच केलं, की शेवटची जी धून बांधली ती धाकट्याची चाहूल लागली की मध्येच थांबवायची. घरात कोणी असलं की शेवट वाजवायचाच नाही; धाकट्याला तर तो कधी ऐकूच दिला नाही. आणि तसाच एक दिवस माणूस गेला.

वर्षभराने धाकट्याचं मोठं रेकॉर्डिंग ठरलं. एकट्याची गिटार, सोबतीला कोणी नाही. त्यात ती धून त्याने जाहीरही करून टाकली होती, आणि शेवट काही सापडत नव्हता. भावाची गिटार हातात आली तर सापडेल, म्हणून आदल्या संध्याकाळी तो वहिनीकडे गेला. सतरा नोव्हेंबर, गुरुवार. तारीख माझ्या पक्की लक्षात आहे, कारण दुसऱ्या दिवशीचा स्टुडिओ मीच धरून ठेवला होता.

"गिटार हवी ना? न्या," वहिनी म्हणाली. "बाकीचं तुम्ही आधीच नेलंय."

"वहिनी, तसं नाही हो."

"तसंच आहे, भाऊजी. जेवून घ्या. त्यांच्या खोलीत गादी घातलीय. ते गेल्यापासून गिटारला कोणी हात लावलेला नाही. मीसुद्धा नाही."

खोलीत लोखंडी खाट, एक कपाट, खिडकीपाशी खुर्ची आणि खुर्चीवर गिटार. धाकट्याने ती उचलली, छेडली. सूर भलतेच. वर्षभर पडून तारा उतरल्या असणार, असं त्याला वाटलं. वाजवणाऱ्याचा हात अशा वेळी विचारायला थांबत नाही. त्याने खुंट्या पिळून सहाही तारा नेहमीच्या सुरात आणल्या, आणि मग त्याचा हात जागच्या जागी थांबला.

तारा उतरल्या नव्हत्या. थोरल्याने त्या उतरवून ठेवल्या होत्या, त्या एका धुनेसाठी. त्या सुरांशिवाय शेवट बोटांत बसणारच नव्हता. कुलूप उघडायला आलेल्याने किल्लीच विहिरीत टाकली. त्याला स्वतःच्या हाताचा इतका राग आला की त्याने तो खाटेच्या दांडीवर आपटला. मग ही तार ढिली कर, ती ओढ, असं किती वेळ चाललं कोण जाणे. काही जमेना. गिटार पुन्हा नेहमीच्या सुरात लावून त्याने खुर्चीवर ठेवली, दिवा घालवला आणि आडवा झाला.

घर शांत होतं.

मग... कुर्रर.

खुंटी फिरली.

एक तार खाली आली. थांबली. पिकने हळूच तपासली कोणीतरी. मग दुसरी... मग तिसरी.

धाकटा हलला नाही. श्वाससुद्धा बेताने. हललो तर थांबेल, हे त्याला ठाऊक होतं. दाराआडून ऐकताना शिकला होता.

धून सुरू झाली. खाली ठेका. वर चाल. ती जागा आली, जिथे नेहमी थांबायची...

थांबली नाही.

पुढे गेली. शेवटापर्यंत. आणि पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा शेवटापर्यंत. हळू. शिकवताना वाजवतात तशी.

धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दादा," तो म्हणाला.

...

धून तिथेच थांबली. खिडकी उजळली तेव्हा खुर्चीवर फक्त गिटार होती. त्याने एकेक तार हलकेच छेडली. सूर थोरल्याचे. तिथेच त्याने शेवट वाजवला, आणि तो बोटांत अलगद बसला. सूर हलू नयेत म्हणून खुंट्यांना हातही न लावता त्याने गिटार केसमध्ये ठेवली. कुठली तार किती उतरली आहे हे टिपून ठेवायचं त्याला सुचलं नाही. गिटारमध्येच तर होतं सगळं.

वहिनीने चहा पुढे ठेवला. तिचे डोळे सुजले होते.

"रात्री ऐकलं मी," ती म्हणाली. "शेवटापर्यंत ऐकलं. इतक्या वर्षांत मलाही त्यांनी कधी ऐकवला नव्हता. त्यांनीच बांधला होता ना तो शेवट? तेवढं एक सांगा मला, भाऊजी."

खरं बोलायला काय लागत होतं? एक 'हो'. माणूस नुकताच रडून उठलेला. पण सवय वाईट.

"नाही वहिनी," धाकटा म्हणाला. "शेवट माझा. रात्रीच सुचला."

त्याच्या पुढचा कप उचलून तिने चहा मोरीत ओतला.

तो थेट स्टुडिओत आला. चहा घेतानाही केस पायाशी होती, रिक्षात मांडीवर होती, वाटेत खाली ठेवली नव्हती, हे त्याने मला नंतर दहादा सांगितलं. माईक लावून मी तयार होतो. त्याने कड्या काढल्या, झाकण उघडलं आणि तसाच उभा राहिला. मी जवळ गेलो.

गिटारवर एकही तार नव्हती. सहाही तारा काढून, पुसून, प्रत्येकीचं नीट वेटोळं करून ओळीने ठेवलेल्या होत्या.