सिकतेवरचा सुस्कारा

अक्कलकोट रस्त्यावरच्या खाणीत, चांगला कोट-टोपी घातलेला एक माणूस दगड चाटत उभा होता.

मी तिथं रांगोळीसाठी गारा आणायला गेले होते. आमच्याकडे विकतची रांगोळी चालत नसे. पांढऱ्या गारगोट्या आणून आई घरीच कुटायची. खाणीत दगड फोडणारी नागम्मा त्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवी. तिनं पदर तोंडाला लावला. "सकाळपासनं असंच चाललंय की," ती म्हणाली. "येडं न्हाय, मास्तर हाय."

मास्तरनं ते ऐकलं आणि कानापर्यंत लाल झाला. ओला केला की दगडाचा खरा रंग कळतो, असं काहीसं पुटपुटला. मग माझ्या टोपलीत डोकावून म्हणाला, "हा एक कुटू नका... मी फोडून दाखवतो."

टोपलीतला तो सर्वांत कुरूप गोटा होता, शेणाच्या गोळ्यासारखा. त्यानं नागम्माचा हातोडा घेऊन हलकेच ठोका दिला. गोटा दुभंगला. आत स्फटिकच स्फटिक — पोकळीभर, टोकदार, एकाला एक चिकटून. त्यात ऊन शिरलं आणि एरवी न थांबणारी माझी जीभ जागच्या जागी थांबली.

"किती वर्षं बंद होतं हे?" मी विचारलं.

"कोट्यवधी. आज पहिल्यांदा त्यानं ऊन पाहिलं. आणि तुम्हाला."

"मला?"

"म्हणजे — माणसाला. कुठल्याही." पुन्हा कान लाल.

त्याचं नाव वेणीमाधव. बार्शीचा. आमच्या समोरच राजाबाईंच्या घरात खोली घेऊन राहणारा नवा सायन्स मास्तर तो हाच. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या शब्दावर त्याला शाळेत जागा मिळाली होती. त्यामुळे संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचायला येई. अण्णा पत्रामागे, आई धान्य पाखडत, मी वाती वळत. आणि या सगळ्यांच्या देखत आम्ही दोघांनी एक ग्रह तयार केला.

सुरुवात त्यानंच केली. आपलं शरीर कोळशाच्या जातीचं, तो म्हणाला. मूलद्रव्यांच्या कोष्टकात कोळशाच्या बरोबर खाली सिलिकॉन बसतो, वाळूतला नि गारेतला. मग कुठंतरी असा ग्रह का नसावा, जिथं जीव वाळूपासून झाले? त्याला नावही त्यानं दिलं — सिकता. म्हणजे वाळू. मी म्हटलं, तिथल्या समस्त मंडळींचं आडनाव गारकर ठेवा. ते त्यानं ताबडतोब मान्य केलं.

हळूहळू सिकता भरत गेली. तिथं पाऊस नव्हता, दोन सूर्य होते. गारकर मंडळी डोंगराएवढी, आणि इतकी संथ की पापणी लवायला शंभर वर्षं लागत. त्यांच्या पोटात स्फटिक वाढत, आणि कुणाच्या आत काय आहे ते त्याचं त्यालाही ठाऊक नसे. माळवदावर चढून मी तारे बघायची तेव्हा अंगावर काटा यायचा. इतके सगळे... आणि त्यातल्या एकावर खरोखरच कुणी नुकती पापणी उघडत असेल तर?

"श्वासाचं काय?" एकदा मी विचारलं.

"आपण सोडतो तो वायू. त्यांच्या उच्छ्वासातून वाळू पडेल. खरंच, रसायनशास्त्रानं तसंच व्हायला हवं."

"मग कुणी कुणासाठी सुस्कारा टाकला तर?"

"मूठभर वाळू," तो हळूच म्हणाला. "सगळ्यांना दिसणार. तिथं काहीच लपवता येत नाही, सरोजिनीबाई."

माझी वात तिथंच तुटली.

आणि मग अण्णांनी सांगितलं की मंगळवेढ्याचं स्थळ गुरुवारी बघायला येतंय. मुलगा वकील, पसंती जवळपास झालेलीच. वेणीमाधवनं वर्तमानपत्राची घडी केली, "छान झालं," म्हणाला आणि उठून गेला. मला कळत होतं, ज्यांनी नोकरी दिली त्यांच्याच मुलीला मागणी घालायची हिंमत त्याला होणार नव्हती. कळत होतं म्हणून राग कमी होत नव्हता. तो बोलला नाही तर गुरुवारी माझं सगळं ठरून जाणार होतं.

बुधवारी सकाळी सडा घालून झाल्यावर मी समोर गेले आणि त्याच्या दारात मूठभर रांगोळी ओतली. नक्षी नाही, ठिपके नाहीत. नुसता ढीग.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नव्हती. दार आधी राजाबाई उघडतात.

"माज्या उंबऱ्यावर करणी केलीया कुणीतरी!" अख्खी आळी गोळा झाली. लिंबू कुठं पडलंय ते बायका शोधू लागल्या. राजाबाई शेणाच्या पाण्याची बादली घेऊन आल्या, तेवढ्यात वेणीमाधव बाहेर आला. त्यानं ढीग पाहिला. तिथंच खाली बसला.

"थांबा काकू. करणी नाही ही."

"मग काय हाय?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं... आणि माझ्या मागे उभे असलेले अण्णा त्याला दिसले. त्यानं कण न् कण रुमालात भरून घेतला आणि तो आत गेला. मी दिवसभर रडले, आईला सांगितलं डोळ्यात रांगोळी गेली.

गुरुवारी उजाडताना दारात खडखडाट झाला. आम्ही सगळे बाहेर आलो. बैलगाडीवाला मायाप्पा आमच्या पायरीपाशी सीना नदीची वाळू ओतत होता. गाडीभर. पलीकडे वेणीमाधव उभा, गुडघ्यापर्यंत ओला, कान लालभडक.

"मास्तर, बांधकाम कुणाचं?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, ही वाळू माझी आहे." तो एक पाऊल पुढं आला. "पहिल्या दिवसापासून दाबून ठेवली होती."

आई गोंधळून बघत राहिली. अण्णा मात्र गोंधळले नाहीत. त्यांनी खाली वाकून चिमूटभर वाळू उचलली, बोटांत चोळली.

"सिकतेवर पद्धत काय असते?" ते म्हणाले. "ढीग बापाच्या दारात घालतात, की मुलीच्या?"

म्हणजे इतके महिने अण्णा वर्तमानपत्रामागे बसून आमचंच बोलणं ऐकत होते.

"मुलीच्या," मी म्हटलं आणि पायरी उतरले. वाळू गार, ओली होती, पाय घोट्यापर्यंत रुतले. "एवढा वेळ का लावलात?"

"तिथं पापणी लवायला शंभर वर्षं लागतात," तो म्हणाला. "मी एका दिवसात आलो."

अण्णा मंगळवेढ्याला तार करायला टोपी शोधत आत गेले. तेवढ्यात घरांवरून ऊन आलं आणि त्या ढिगातला कण न् कण चमकू लागला. आम्ही दोघं त्यात उभे होतो.