नकाशावरची बटणं

या, आत या. वाट विचारायला आलात ना? खालच्या काकूंनी पाठवलं असेल. त्या सगळ्यांना माझ्याकडे पाठवतात, स्वतः मात्र वर कधी फिरकत नाहीत. कोट काढू नका, घर गार आहे. अंधारून आलंय, हा टेबलावरचा दिवा लावते. बसा त्या खुर्चीत. नकाशा बघा हवा तेवढा. फक्त त्या दोन बटणांना हात लावू नका, निळ्यालाही नाही आणि तपकिरीलाही नाही.

चहा ठेवलाय. तो होईपर्यंत जरा माझं ऐका.

पानगळ संपता संपता वर जायचं, बर्फ पडायच्या आत परत यायचं, असंच ठरवलंय ना तुम्ही? माझ्या धाकट्या भावानेही अगदी असंच ठरवलं होतं. त्याला कारण होतं. आमचे बाबा त्याच दिवसांत वर गेले होते आणि परत आले नव्हते. पुष्कळ शोधलं लोकांनी. एक पायमोजासुद्धा सापडला नाही. धाकट्याच्या डोक्यात एकच, बाबांना घरी आणायचं. जे काय उरलं असेल ते.

बाबा वाटाड्या होते. लोकांना डोंगरावर न्यायचे, सुखरूप परत आणायचे. त्यांची एक पद्धत होती. डोंगर आधी घरात चढायचा. हेच टेबल, हाच नकाशा. जाणाऱ्या प्रत्येकाने डब्यातलं एक जुनं बटण उचलायचं, पायथ्याच्या गावावर ठेवायचं आणि टप्प्याटप्प्याने वर सरकवायचं. आपलं बटण आपणच. दर टप्प्याला बाबा विचारायचे, "काय दिसतंय?" मग डोळे मिटून मोठ्याने सांगायचं, ऊन कुठून येतंय, वारा कुठून, पाय कशावर पडतोय. त्यांचं म्हणणं असं की माणसं चढणीचा विचार करतात आणि उतरण देवावर सोडतात. म्हणून एकदा बसलं की बटण गावात परत आणल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही. जेवणं गार व्हायची, आई धुसफुसायची, पण तीही उठायची नाही.

बाबा स्वतः एकदाच उठले. नकाशावर वरच्या निवाऱ्यापर्यंत, म्हणजे मुक्कामाच्या दगडी खोलीपर्यंत, पोचले होते आणि खाली रस्त्यावर गाडीवाला हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागला. "उतरण आल्यावर करू," म्हणाले, पाठीवर सॅक टाकली आणि गेले. आईने त्यांचं तपकिरी बटण उचलून डब्यात टाकलं. पुढे तो गाडीवाला सगळ्यांना सांगत सुटला, की मी वाट बघून बघून निघून गेलो, तुमचे बाबा खाली आलेच नाहीत. आम्हाला वाटलं, स्वतःची चूक झाकतोय मेला. बाबा दुसऱ्या कुणाच्या गाडीने गेले असणार. जिना उतरताना त्यांना कुणी पाहिलं का, हे विचारायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

तर धाकटा हट्टाला पेटला. मीही काही कमी नाही. म्हटलं, "जा. पण आधी टेबलावर जाऊन ये." माझा डाव साधा होता. दिवस किती लहान झालाय, वाटेवर पाणी कसं गोठलेलं असेल, हे सगळं त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं म्हणजे गाडी आपोआप रुळावर येईल. त्याच्याबरोबर त्याचा मित्र जाणार होता. दातांचा डॉक्टर, आम्ही त्याला दातवाला म्हणायचो. चांगला होता बिचारा, पण सारखी चेष्टा.

"ताई, आमच्याकडे दात काढायच्या आधी बटणं मांडत नाहीत," तो म्हणाला.

"म्हणूनच लोक तुझ्याकडे यायला घाबरतात," मी म्हटलं.

दुपारची वेळ होती. खिडकीत ऊन, खाली मुलं खेळत होती. मीही माझं बटण मांडलं, कारण मी बसल्याशिवाय हे दोघं घाईत उरकतील याची मला खात्री होती. धाकट्याचं निळं, दातवाल्याचं पांढरं, माझं लाल. गाव सुटलं, जंगल सुटलं, डोंगराची उघडी सोंड आली, मग खिंड. दर टप्प्याला मी बाबांसारखं विचारत होते, "काय दिसतंय?" धाकटा डोळे मिटून सांगत होता. इतकं नीट सांगत होता की माझे पाय गार पडायला लागले. शेवटी तिन्ही बटणं वरच्या निवाऱ्याशी आली. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, आत रॉकेलचा आणि ओल्या लोकरीचा वास.

तेवढ्यात दातवाला उठला. "उंची मोजायचं घड्याळ गाडीतच राहिलं. आणतो."

"अरे, बस! उतरायचंय अजून."

"उतरायचं काय एवढं, आलो तसं जायचं," असं म्हणून तो हसत हसत बाहेर पडलासुद्धा.

त्याची पावलं जिना उतरत गेली, मग ऐकू येईनाशी झाली. थोड्या वेळाने परत आली. पण ती खालून येत नव्हती. वरून उतरत होती.

आमचा मजला शेवटचा. वर फक्त गच्ची, आणि गच्चीला कायम कुलूप. दारात दातवाला उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई... खाली गेलो की तुमचंच दार येतं..."

मला आधी रागच आला. म्हटलं, चेष्टेलाही काही सुमार. तरातरा उठले आणि स्वतः जिना उतरले. खालच्या मजल्यावर काकूंचं दार असायला हवं. तिथे आमचा चपलांचा स्टँड होता. आमचं फाटकं पायपुसणं. उघड्या दारातून धाकट्याची पाठ दिसत होती. अजून एक जिना उतरले, पुन्हा तेच. कठडा दर मजल्याला जास्त गार लागत होता. पुढे पुढे त्याला हात चिकटायला लागला. खोलीतला उजेड दर वेळी कमी, आणि धाकट्याची मान दर वेळी थोडी जास्त वळलेली, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे. मी ओरडले. इतक्या मजल्यांच्या इमारतीत कुणी दार उघडलं नाही. कसं उघडणार, सगळी दारं आमचीच होती.

मी घरात शिरले. खिडकीबाहेर नुसतं पांढरं. मुलांचा आवाज नाही, गाड्यांचा नाही. वारा तेवढा पत्र्यावर आपटत होता, आणि आमच्या इमारतीला पत्रा नाही.

"बसा," मी म्हटलं. "दोघंही खाली बसा. आत्ताच्या आत्ता उतरायचं."

नकाशाकडे पाहिलं तर निवाऱ्याशी चार बटणं. चौथं तपकिरी. डबा कपाटावर होता, झाकण घट्ट लावलेलं.

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "बाबा आत आहेत... खोकतायत."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. वास मात्र येत होता, रॉकेलचा, ओल्या लोकरीचा.

आम्ही उतरायला लागलो. दातवाला रडत रडत सांगत होता, खिंड, वारा पाठीवर, पायाखाली सुटे दगड. मीही सांगत होते. निळं बटण जागचं हलत नव्हतं. मी बोटाने ढकलून पाहिलं. नियम मोडून ढकललं. टेबलात खिळा ठोकावा तसं बसलं होतं ते. हात मागे घेतला तर बोटाची साल त्याला चिकटून राहिली.

"तुम्ही व्हा पुढे," धाकटा म्हणाला. त्याच्या तोंडातून वाफ येत होती. "आम्ही येतो."

आम्ही म्हणाला तो. त्याच्याजवळ थांबावं असं फार वाटलं हो. पण समोर दातवाला, त्याची पोरं घरी वाट बघणारी, आणि एकट्याने त्याच्याने उतरवत नव्हतं. म्हटलं, याला पोचवते आणि परत वर येते. सोंड उतरलो, जंगल उतरलो. बटणं गावावर टेकली आणि खाली एकदम मुलांचा गलका सुरू झाला. खिडकीत ऊन होतं. धाकट्याच्या खुर्चीत कुणी नव्हतं. त्याचे बूट स्टँडवरून गेले होते.

दातवाला त्यानंतर या रस्त्यानेही जात नाही. लोकांनी पुन्हा डोंगर पिंजून काढला. मी काय सांगणार त्यांना? मी कितीदा तरी लाल बटण घेऊन बसले, निवाऱ्यापर्यंत जाऊन आले. दार आतून बंद असतं. दोघांनाही हाका मारते, पण ओ येत नाही; रक्ताच्या माणसाचा आवाज तिथे आत जात नसावा. नकाशा उचलला नाही, घर सोडलं नाही. कशी सोडणार? ते उतरले तर याच दारातून येणार. मी स्वयंपाकघरात जेवते आणि इथे झोपते.

अहो, उठू नका.

चहाचं सोडा. आधी तुमच्या कोटाकडे बघा. आलात तेव्हापासून वरच्या बटणाशी चाळा करत होतात, आता तिथे नुसता दोरा लोंबतोय. खाली शोधू नका. इथे बघा, दिव्याखाली. निवाऱ्याशी, निळ्याच्या शेजारी.

मी नाही ठेवलं. माझे हात सगळा वेळ तुमच्या समोर होते. खोटं कशाला बोलू, ते पाहिलं तेव्हा मला आधी तुमची काळजी वाटली नाही, बरंच वाटलं. त्याबद्दल काय बोलायचं ते मला नंतर बोला. तुम्ही परके आहात, तुमचा आवाज कदाचित आत जाईल. मी तुम्हाला एक एक टप्पा नीट खाली आणते, दातवाल्याला आणलं तसं. मागे राहणार नाही तुम्ही. फक्त निघायच्या आधी निवाऱ्याच्या दारावर थाप मारा आणि दोन हाका द्या. म्हणावं, ताईने बोलावलंय.

खिडकीकडे बघू नका, तिथे आता काही दिसायचं नाही. बोट बटणावर ठेवा. डोळे मिटा.

हं. काय दिसतंय?