सुळक्यावर गेलेलं जाकीट

१९६८ सालच्या डिसेंबरात दिगंबर गुरुजी आंदर मावळात निघाले ते एकाच हट्टापायी. पुण्याची गिर्यारोहक मंडळी रविवारी चढायला यायच्या आत घारीच्या सुळक्याचं टोक गाठायचं!

अंगात मामेभावाने परदेशातून धाडलेलं ‘हिमगरुड’ जाकीट. या हिमगरुडाचं वेड तेव्हा असं पसरलं होतं, की लोणावळ्यात चिक्की घ्यायला निघालेला माणूसही हिमालयात निघाल्यासारखा दिसे. वडगावच्या भिकाजी शिंप्याने गुरुजींचंच जाकीट नमुन्याला नेऊन डझनावारी नकला शिवल्या होत्या. फक्त छातीवरचा गरुड भरताना त्याच्या हातून गरुडाची कोंबडी होई. वाटाड्या गोविंदाच्या छातीवरही तीच कोंबडी होती आणि गुरुजी वाटभर त्याची टर उडवत होते.

“असंना कोंबडी, गुरुजी. ऊब लय हाय!” गोविंदा हसून म्हणाला.

दुपारपर्यंत टोक जेमतेम चाळीस फुटांवर आलं. तेवढ्यात दोर खालच्या कपारीत अडकला. तो सोडवायला गोविंदा कमरेला दोर न बांधताच उतरला आणि पायाखालचा दगड निखळला!

दोन्ही हातांनी कड धरून तो लोंबकळला. खाली नुसती दरी! गुरुजींनी जाकीट ओरबाडून काढलं. एक बाही मनगटाला गुंडाळली, दुसरी खाली सोडली.

“धर, गोविंदा!”

त्याने धरली. टर्रर! खांद्याची शिवण उसवली. गुरुजी खडकावर पालथे पडले, दात आवळून ओढत राहिले. अखेर गोविंदाचा पाय खाचेत बसला. तो वर आला!

दोघंही बराच वेळ धापा टाकत होते.

“गुरुजी, वर जायाचं न्हवं?”

गुरुजींनी टोकाकडे पाहिलं. वाईट वाटलं, फार वाटलं. पण गोविंदा कड धरून सोललेल्या तळव्यांवर फुंकर घालत होता.

“नाही रे. घरी जाऊ.”

दुसऱ्या अंगाने दोर सोडवून ते उतरले.

भिकाजीने फाटक्या खांद्याला लाल ठिगळ लावून दिलं. पुढच्या बाजाराला गुरुजी बघतात तो काय, सात पोरांच्या खांद्यावर तसंच लाल ठिगळ! ते तडक दुकानात शिरले.

“भिकाजीराव, हा काय प्रकार?”

“गिऱ्हाइकाला सुळक्यावर गेल्यालं जाकीट पायजे, गुरुजी. नवं शिवतो, खांदा फाडतो, ठिगळ लावतो. लय खपतंय!”

“अहो, पण आम्ही टोकावर गेलोच नाही! चाळीस फूट खालून परतलो!”

भिकाजीने सुईत दोरा ओवला.

“त्ये कापडावर कुटं दिसतंय?”

गुरुजी रागाने दाराकडे वळले, आणि दुकानाच्या पायरीवरच बसून पोट धरधरून हसले.