पूर्वताण

अपघात-जैवयांत्रिकी प्रयोगशाळेच्या पडद्यावर स्कॅनमधून उभे केलेले दोन सांगाडे शेजारी शेजारी बसले होते. उजवीकडे, चालकाच्या जागी हेरंब. डावीकडे त्याची बायको जुई. घाटात गाडी डावीकडच्या कड्यावर आदळली. जुई गेली, हेरंब वाचला.

“तपास माझा आहे, मॅडम. तुम्ही फक्त बघायचं,” डॉ. तांबोळी म्हणाले.

“बघतेय. खुनी आतून कसा दिसतो ते.” उल्का त्यांची सहकारी, आणि जुईची थोरली बहीण. “म्हणे, स्टीअरिंग आपोआप डावीकडे ओढलं गेलं! भूत बसलं होतं का गाडीत?”

तांबोळींनी अस्थिवाचक सुरू केला. “धडक दिसली की स्नायू आधीच आवळतात. तो पूर्वताण. आवळलेल्या स्नायूखालचं हाड वेगळं मोडतं, सैल स्नायूखालचं वेगळं. मुद्दाम आदळवली असेल, तर त्याचं अंग आधीच ताठलेलं असणार.”

हेरंबचा सांगाडा हळूहळू निळा झाला. मान सैल, खांदे सैल, मनगटं पाळण्यातल्या लेकराची.

“अहो, हा झोपला होता!” तांबोळी पुटपुटले. “डुलकी. त्यालाही पत्ता नसेल.”

जुई मात्र लालभडक पेटली. उजव्या अंगठ्याचं मूळ चिरलेलं.

“ही जखम स्टीअरिंगचं चाक घट्ट धरणाऱ्याची. नावांची अदलाबदल झाली की काय?”

“नाही.” उल्कानं पडद्यावर बोट ठेवलं. “पायाचं ते सांधलेलं हाड बघा. लहानपणी चिंचेवरून पडली होती. जुईच आहे.”

“मग चाक हिनं ओढलं? स्वतःच्याच अंगावर? डावीकडे कशाला?”

“उजवीकडे दरी होती, सर.”

तांबोळींनी चष्मा काढला, पुसला, आणि घालायचं विसरले.

उल्का बाहेर आली. बाकावरून हेरंब धडपडत उठला. हात प्लास्टरमध्ये, दाढी वाढलेली.

“ताई, मी नाही ना ओढलं?”

“नाही.”

त्याच्या डोळ्यांना धार लागली. “मला एवढंच सांगा, तिला काही कळलं नाही ना? घाटात पुढं बसणाऱ्यानं बोलत राहायचं, चालवणाऱ्याला पेंगू द्यायचं नाही. किती बडबडत होती वेडी! मग एकदम आवाज थांबला. डोळा लागला असणार. झोपेतच गेली ना?”

उल्कानं त्याचा प्लास्टरमधला हात दोन्ही हातांत धरला.

“डोळा लागला होता, हेरंबराव,” ती म्हणाली. “तिचा नाही.”