फौजदार आणि टेम्पो

आधीच सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तरी माझी कवळी माझ्याच हाताने खिडकीबाहेर भिरकावीन आणि जन्मभर बोळक्याने हसेन.

तर, मोठे ट्रेलर चालवायला शिकवणारी एक शाळा होती. पहिल्याच सकाळी आपली पोरगी केबिनमध्ये चढते तो काय, एक अनोळखी पोरगा बाहीने तिच्या गाडीचा आरसा पुसतोय. काचेवर भुरभुर थेंब, थेंबांमधून त्याचे डोळे…

"काय लावलंस आरशाला?"

"बाही."

"का?"

"ओला होता म्हणून."

कुणी फुकट दुसऱ्याचा आरसा पुसतं का? तिला काही ते पचलं नाही. कोर्स संपला की मालवाहतुकीच्या एका कंपनीत एकच जागा मिळणार होती. ती हुकली तर दादाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं, हे घरी ठरून गेलेलं. आणि त्या जागेवर डोळा ठेवायच्या लायकीची दोनच माणसं होती: ती, आणि हा. हा आधी टेम्पो चालवायचा, म्हणून त्याचं नाव टेम्पो. तिचं नाव पोरांनी ठेवलं फौजदार. का ते कळलंच असेल.

त्याने चहा आणला की ही कप बदलून घ्यायची.

"विष घालायचं असतं तर दोन्हींत घातलं असतं," तो म्हणायचा.

"मग तू का पितोयस?"

"तू बदलून देतेस म्हणून…"

असं बोलून वर हसायचा. त्या हसण्याने हिचा संशय दुप्पट व्हायचा.

आता ट्रेलर मागे घ्यायची एक रीत असते. शेपूट चालकाला दिसत नाही, म्हणून एकजण मागे उभा राहून हाताने खुणा करतो. तो आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक. मनात शंका आली की उतरायचं, बघायचं, मगच पुढचं. परीक्षेच्या दिवशी मास्तर म्हणाले, "तुझ्या मागे टेम्पो उभा राहील. स्वतःच मागून घेतलंय त्याने."

झालं. आता हा आपल्याला पाडणार, हे हिने ठरवूनच टाकलं.

गोदामाच्या माल उतरवायच्या धक्क्याकडे ट्रेलर सरकू लागला. आरशात तो. ये… ये… हळू… आणि अचानक दोन्ही हात वर. थांब. हिच्या अंदाजाने अजून चांगली चार फूट जागा होती. लांब थांबवून माझे मार्क घालवतोय मेला, असं म्हणत तिने ब्रेक ओढला आणि सरळ खाली उतरली.

मागे जाऊन बघते, तर धक्का आणि ट्रेलर यांच्यात जेमतेम तळहात मावेल एवढी फट.

"झाला पंचनामा?" तो म्हणाला.

"तू… खरं सांगत होतास."

"कधीकधी सांगतो."

उतरून पाहिलं म्हणून मास्तरांनी मान डोलावली. मग टेम्पो गाडीत बसला आणि ही मागे उजव्या बाजूला उभी राहिली. क्षणभर वाटलं, आता एकच हात चुकीचा हलवला तर? पण हातच धजेना. प्रत्येक खूण तिने चोख केली. तरीही हद्दीच्या खुणेला ठेवलेला डावीकडचा प्लास्टिकचा शंकू चाकाखाली जाऊन पापड झाला.

"डावा आरसा काय शोभेला लावलाय का रे?" मास्तर ओरडले. जागा हिला मिळाली.

ही तरातरा त्याच्याकडे गेली. "मुद्दाम पाडलास. मला दान नकोय. मी मास्तरांना सांगून परत परीक्षा घ्यायला लावते."

"मुद्दाम पाडायला तो आधी दिसायला हवा ना," तो पायरीवर बसून म्हणाला. "उजव्या आरशात तू होतीस. डावीकडे बघायचं… सुचलंच नाही."

तिने त्याच्याकडे बारीक नजरेने पाहिलं. लबाडी शोधली. सापडली नाही, म्हणून पुन्हा शोधली. त्याचे कान लालभडक झाले होते.

"उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "मी डावीकडे उभी राहते. पुढच्या परीक्षेला पास झालं पाहिजेस."

"मग उजवीकडे कोण?"

"मास्तर. त्यांच्याकडे बघून कुणी शंकू पाडत नाही."

तर अशी ती गोष्ट. फक्त एक… ते उजव्या आरशाचं वाक्य तो बोललाच नाही हं. नुसता लाल कान घेऊन बसला होता, आणि त्याने मुद्दाम काही केलं नाही हे फौजदाराने जन्मात पहिल्यांदा पुरावा न मागता मान्य केलं. वाक्य माझं आहे. आता कवळीचं म्हणाल, तर खिडकी बंद आहे.