रंगारी आळीचा होकार

त्या शहरात माणसांना आता कुणी काही विचारत नसे. त्यांच्या बोलछायांना विचारत. बोलछाया म्हणजे माणसाचं बोलणं महिनाभर ऐकून यंत्रानं घडवलेलं त्याचं दुसरं मन. खरा माणूस सभेत भांडतो, मागायची वेळ आली की एकाचं दोन करून सांगतो. छाया तसं करत नाही, म्हणे. विद्यापीठातली पोरं गल्लोगल्ली हिंडून छाया गोळा करत, आणि नळ कुठं, रस्ता कुठं, हे नगरपालिका त्या छायांना विचारून ठरवी.

रंगारी आळीची पाण्याची लाइन शेजारच्या पेठेत गेली, तेव्हा मंगलाक्का पतंगे पदर खोचून विद्यापीठात, आळीच्या छाया गोळा करून नेणाऱ्या तन्मयीपुढं धडकल्या.

"तन्मयी, महिनाभर माझ्या ओसरीवर पोहे हादडलेस, आणि पाणी दिलंस त्या पेठेला? जनाची नाही, मनाची तरी?"

"अक्का, आम्ही नाही ठरवलं. तुमच्या आळीनंच सांगितलं, पाणी नको."

"कुणी सांगितलं? जीभ कशी झडली नाही त्याची?"

"सगळ्यांच्या छाया तेच म्हणाल्या. तुमचीसुद्धा."

अक्कांना आता आठवलं. पोरं येणार कळताच त्यांनीच घरोघरी बजावलं होतं, परक्यापुढं घरचं उणं काढायचं नाही. आड आटलेला, रंगाच्या कढया कोरड्या, सुना टँकरमागं धावताहेत. पण दारोदार उत्तर एकच, देवाच्या दयेनं काही कमी नाही. अक्कांचा शब्द मोडायची आळीत कुणाची छाती?

"अगं, ते तोंडदेखलं! तुझी आई नाही म्हणत, बरं चाललंय म्हणून?"

"म्हणते. पण यंत्राला तेवढंच ऐकायला मिळालं, अक्का."

"मग आता ऐकव त्याला. मंगल पतंगे पाणी मागते." मागते हा शब्द त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा निघाला.

"छाया तीस वर्षं बदलता येत नाही. गरज पडल्यावरचं बोलणं धरत नाहीत."

"म्हणजे तहान लागली की माणूस खोटा? वा गं तुमची विद्या! बोलाव माझ्या त्या सटवी छायेला."

पडदा उजळला. तेच कुंकू, तीच ताठ मान. पुढं काय लागेल ते आधीच विचारता यावं, म्हणून यंत्रात छायांची वर्षं भराभर सरतात. ही पुढची वीस वर्षं जगून बसली होती.

"आळीत कोण कोण आहे गं?" अक्कांनी विचारलं.

"कुणी नाही. पाण्यावाचून पांगली सगळी."

"आणि तू? एकटी कशी राहतेस?"

"मी कुठं राहते? मला विचारतात, मी सांगते." छाया अदबीनं हसली. "परवा नगरपालिकेची माणसं आळीची जागाच मागायला आली होती. दिली. दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

अक्कांनी तन्मयीकडं पाहिलं. पोरीनं मान खाली घातली. छायेचं परवा म्हणजे इथली आजची सकाळ; तो होकार नगरपालिकेत पोचलाही होता.